पंगत मिळाली, मजुरी राहिली

आमच्या तालुक्यातल्या बँडवाल्यांच्या संघटनेचं दप्तर गेली बरीच वर्षं माझ्या माळ्यावर पडून आहे. मी स्वतः कधी बँड वाजवला नाही. शाळेत कारकून होतो, अक्षर बरं होतं आणि संध्याकाळी रिकामा असायचो, एवढ्या तीन गुणांवर मला इतिवृत्त लिहायला बसवलं होतं. दप्तर म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात दोन वह्या, पावतीपुस्तकं, सुकून दगड झालेलं शाईचं पॅड, रबरी शिक्का, धर्मादाय कार्यालयाच्या चार-दोन नोटिसा आणि सुतळीने चिठ्ठी बांधलेलं एक पितळी माउथपीस, म्हणजे फुंकायच्या वाद्याचा ओठांना लागणारा तुकडा. माउथपीसचं पुढे सांगतो.

गेल्या महिन्यात दोन तरुण हे दप्तर मागायला आले. दोघेही जुन्या बँडमालकांची मुलं. संघटना पुन्हा उभी करायची म्हणतात. मागण्या कागदावर तयार होत्या: तालुक्यात डीजेबंदी, बँडला सरकारी अनुदान आणि लग्नात बँडच लावावा असे ग्रामपंचायतींचे ठराव. मी चहा दिला आणि एकच विचारलं, सभासद कोण असणार? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मालकच ना, भाऊ. आणखी कोण?"

दप्तर मी दिलं नाही. का दिलं नाही ते लिहायलाच हवं, कारण ही गोष्ट एका तालुक्यापुरती नाही. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुणालाही विचारा, बँड डीजेने मारला असं तो छातीठोक सांगेल. सांगायला सोपंही आहे. आरोपी एवढा मोठ्याने ओरडतोय म्हटल्यावर शोधायला जायची गरज काय? माझं म्हणणं असं की डीजे दारात आला तेव्हा संघटना आतून कधीच पोकळ झाली होती. नाव ‘वादकांची संघटना’, आणि वादक तिच्यात सभासदच नव्हता.

सुरुवात मात्र चांगली होती, आणि तिचं श्रेय कुणी काढून घेऊ नये. ऐंशीच्या दशकात आमच्या किनाऱ्यावर पगाराचा पैसा आला. थळला खताचा कारखाना उभा राहिला, पलीकडे १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं दुःख अजून ओलं आहे. पण मोबदल्याचा नि नोकरीचा पैसा पहिल्यांदा डोळ्यांना दिसला तो हळदीत आणि वरातीत. त्याआधी आगरी वाड्यांतलं लग्न धवलारणीच्या धवल्यांवर, म्हणजे लग्नविधीच्या गाण्यांवर, आणि सनई-ढोलावर निभत होतं, दक्षिणेकडे खालूबाजाचं पारंपरिक वादन होतं. कोळीवाड्यांना बँडचं वेड जुनंच. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ बंदरावर न्यायचा तर पुढे पितळ वाजलंच पाहिजे. आता ते वेड सगळीकडे पसरलं. पंधराचा बँड, एकवीसचा बँड, असा माणसांच्या संख्येवर घराचा तोल मोजला जाऊ लागला.

वाजवणारे आले कुठून? मुळात बँड ही पलटणीची गोष्ट. इंग्रजांच्या पलटणींतून संस्थानांत, तिथून शहरांत आणि शेवटी लग्नात. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलं स्वरलिपी वाचायला शिकायची आणि त्यांतली पुष्कळशी मुंबईच्या बँडांत पोटाला लागायची. त्यांच्या हाताखाली शिकलेले काही जण आमच्याकडचे गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले, पेटीत कपड्यांखाली ट्रंपेट घेऊन. म्हणजे गिरणी गेली म्हणून आमचे बँड भरले. आमच्या पहिल्या मास्तरांपैकी दोघे असेच आलेले. ते कॅसेट पुन्हा पुन्हा मागे नेत, एकेका वाद्याची ओळ कागदावर सा-रे-ग-म मध्ये उतरवत आणि चाल बसवत. सूर लागायचा तो बहुधा तिसऱ्या गाण्याला. बँडच्या आठवणीने आज जे गहिवरतात त्यांनी पावसाळ्यानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला आमचा क्लॅरिनेट ऐकलेला नसावा. खाऱ्या दमट हवेत त्याच्या गाद्या फुगत, ट्रंपेटचे व्हॉल्व्ह धरत, पितळ हिरवं पडे. मग आमसुलाच्या पाण्याने घासाघास.

संघटनेने सुरुवातीला तीन कामं केली. दरपत्रक छापलं, म्हणजे एकाने सुपारी घेतल्यावर दुसऱ्याने शंभर रुपये कमी सांगून ती पळवायची नाही. रस्त्यावर वाजवायचं म्हणजे पोलीस ठाण्याचा कागद लागतो, तो एकत्र काढायला लागलो. ही दोन्ही व्यवहाराची कामं, त्यांत लांबण लावण्यासारखं काही नाही. तिसऱ्यावर मात्र थांबतो.

रेवदंड्याच्या अलीकडे एका वाडीत वैशाखातलं लग्न. मी त्या दिवशी वर्गणी गोळा करायला गेलो होतो म्हणून प्रत्यक्ष पाहिलं. बँडवाल्यांनी उन्हात लाल टेरिलीनचे कोट घालून नवरदेवाला देवळापर्यंत नेऊन आणलं होतं. कोटाच्या खांद्यावरची जर घामाने काळी पडलेली. जेवायची वेळ झाली तशी त्यांची पानं मांडवामागे, भांडी घासायच्या मोरीजवळ मांडली. जमिनीवर पत्रावळी, शेजारून खरकटं पाणी वाहतंय. वाढपी उभ्यानेच वरून वाढत होता, हात लागू नये म्हणून. हे तेव्हा नवीन नव्हतं. बँडमध्ये सगळ्या जातींची पोरं होती आणि गणवेश अंगात आला की यजमानाच्या लेखी सगळ्यांची जात एकच व्हायची, वाजंत्री.

क्लॅरिनेटचे मास्तर पानावरून उठले. रुमालाने तोंड पुसलं. क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, एकेक पेटीत ठेवला आणि पेटीच्या कड्या लावल्या. त्या दोन कड्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. मग सगळेच उठले आणि रस्त्यावरच्या साकवाच्या कठड्यावर जाऊन ओळीने बसले. वरातीची जीप फुलं लावून तयार, नवरा-नवरी आत, आणि पुढे वाजवायला कुणी नाही. नवरीचा मामा तणतणत आला.

"पैसे दिलेत ना तुम्हाला?"

मास्तर म्हणाले, "वाजवायचे दिलेत. जेवायला तुम्ही बोलावलंत. मग माणसासारखं बोलवा."

अर्धा-पाऊण तास वरात तशीच उभी. शेवटी मांडवात पंगत मांडली आणि नवऱ्याच्या बापाने स्वतः जिलेबी वाढली. पुढच्याच बैठकीत ठराव झाला. तो माझ्याच अक्षरात आहे: बँडच्या माणसांना मांडवात, पाहुण्यांच्या पंगतीबरोबर जेवण द्यावे, अन्यथा वरातीस बँड निघणार नाही. दरपत्रकाच्या खाली ही अट ठळक छापली. दोन-तीन लग्नसराया खटके उडाले, पण एकाही बँडने फुटून मागीलदारी जेवण घेतलं नाही आणि मग ते अंगवळणी पडलं.

याचं मोल कळायला कोकणातल्या वाजवण्याचा जुना हिशोब माहीत हवा. गावकीत वाजवणं हा कित्येकांच्या वाट्याला आलेला सक्तीचा धर्म होता, त्याचा मोबदला म्हणजे सुपातलं धान्य आणि दूर उभं राहणं. महाडचं चवदार तळं आमच्याच जिल्ह्यातलं. १९२७ नंतर, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर तर गावोगाव, लोकांनी ते वाजवणं टाकून दिलं. बरोबरच केलं. बँडचा कोट हा त्या वाजवण्यापासून सुटण्याचा एक रस्ता होता: दर ठरलेला, तारीख ठरलेली, नको असेल तर सुपारी नाकारायची मुभा. संघटनेने त्या कोटाला मांडवात पान मिळवून दिलं. एवढ्यासाठी तरी तिचं नाव घ्यावं.

आता ट्रंकेतली दुसरी बाजू. त्याच दोन वह्यांमध्ये दरपत्रक वाढवल्याचे ठराव कितीतरी आहेत. बँडच्या साध्या वादकाला रात्रीमागे किती मिळावेत याचा एकही ठराव नाही. एकही. मी लिहिला असता तर मला आठवलं असतं, तरी परवा पुन्हा पानन् पान पाहिलं. जेवणाचं जमलं आणि मजुरीचं जमलं नाही, याचं कारण मला फार उशिरा उमगलं. पंगतीचा खर्च यजमानाच्या खिशातून जात होता. मजुरीचा गेला असता मालकाच्या.

सुरुवातीला हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण मालक आणि मास्तर एकच होता. वाद्यं त्याची, गणवेश त्याचे आणि पुढे उभा राहून फुंकणाराही तोच. रात्री दोनला त्याचेही ओठ सुजलेले असायचे. नंतर त्याची मुलं आली. त्यांनी फुंकायचं सोडलं, दुकानाचा गाळा घेतला, बाहेर फलक लावला, आत टेलिफोन आणि तारखांचं कॅलेंडर. धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच होतं. पण मास्तर आता रोजावरचा माणूस झाला, आणि घटनेत सभासदाची व्याख्या तीच राहिली: ‘बँडपथकाचा चालक’. ज्याच्या दारात वाद्यं तो सभासद. ज्याच्या तोंडाला वाद्य तो नाही. आणि डोक्यावर गॅसबत्ती घेऊन वरातीच्या कडेने चालणाऱ्या बाया तर चालकांच्या गणतीत नव्हत्या आणि वादकांच्याही नव्हत्या. त्यांना काय मिळायचं ते मला आजही नक्की माहीत नाही, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याने हे लिहावं याची लाज वाटते.

नोंदणीच्या वेळीच गफलत झाली होती, तीत माझाही हात आहे. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली जा किंवा कामगार संघटनांच्या १९२६ च्या कायद्याखाली, तेव्हा दोन्हीकडे सातच माणसं पुरत. आम्ही पहिला रस्ता धरला. वकील म्हणाले, युनियन म्हटलं की लोक बिचकतात. उद्देशाच्या रकान्यात मी झोकदार अक्षरात लिहिलं: कलेची सेवा व कलावंतांचे संवर्धन. सेवा म्हटली की मजुरी विचारायची सोय राहत नाही, हे तेव्हा कळण्याएवढी अक्कल नव्हती.

माउथपीस इथे येतं. लगीनसराईच्या आधी मालक वादकांना उचल देत, जशी मच्छीमार बोटीवरच्या खलाशाला मिळते. उचल घेतली की तो हंगाम त्या मालकाचा. युफोनियम म्हणजे गळ्यात अडकवून फुंकायचं मोठं पितळी वाद्य. ते वाजवणाऱ्या एकाने एका वर्षी दोन मालकांची उचल घेतली. पावसाआधी घर शाकारायचं होतं, एका उचलीत कौलं येत नव्हती. चूक झाली, तो नाकारतही नव्हता. त्याला समितीपुढे बोलावलं. समितीत सातही मालक. फैसला असा झाला की दुसरी उचल फिटेपर्यंत त्याचं माउथपीस संघटनेकडे जमा. आता हे पाहा, युफोनियम मालकाचं असतं, कोट मालकाचा असतो. माउथपीस तेवढं वादकाचं स्वतःचं. तोंडाला लागणारी वस्तू, दुसऱ्याची कोण वापरणार? त्याच्या मालकीची एवढी एकच गोष्ट होती आणि वादकांच्या संघटनेने ती जप्त केली. चिठ्ठीवरचं नाव आणि तारीख माझ्या अक्षरात. त्याने ती उचल फेडली नाही आणि पुन्हा वाजवायलाही आला नाही. आता मिनीडोअर रिक्षा चालवतो, स्टँड ते रेवदंडा.

मालकांची बाजू मला ठाऊक नाही असं समजू नका. मेरठहून वाद्यं मागवायची तर पैसे रोख, आणि तेही व्याजाने. चातुर्मासात चार महिने एक मुहूर्त नाही. सुपारी देऊन शब्द फिरवणारे यजमान, दारू पिऊन साइड ड्रम फोडणारे वऱ्हाडी, सगळं मालकाच्या डोक्यावर. कुणी बंगले बांधले नाहीत. पण तोटा वाटून घ्यायला माणसं हवी असतील तर नफ्याच्या वर्षीही ती मोजावी लागतात, आणि तसं कधी झालं नाही.

मग बेंजो आला. टाइपरायटरसारख्या कळांचं ते तारेचं वाद्य टेम्पोवर चढवायचं, सोबत कीबोर्ड, पॅड, दोन ढोल. सहा-सात जणांत पंधराच्या बँडएवढा आवाज. त्यामागून डीजे, दोन माणसं आणि एक जनरेटर. यात बँडवाल्यांचं काही चुकलं असं नाही. १९६६ मध्ये बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी हे गणित मांडून ठेवलंय: कारखान्यात यंत्रं सुधारली की तेवढ्याच माणसांत जास्त माल निघतो, पण चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं लागायची आणि आजही चारच लागतात. बाकी जगाची मजुरी वाढत जाते तशी जिवंत वाजवणारा महाग पडत जातो. हे होणारच होतं. प्रश्न एवढाच की अशा वेळी संघटना काय करते.

अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. रेकॉर्ड आणि रेडिओमुळे हॉटेलांतले, नाट्यगृहांतले वादक घरी बसायला लागले, तेव्हा १ ऑगस्ट १९४२ पासून तिथल्या वादकांनी रेकॉर्डिंगवरच बहिष्कार टाकला. जेम्स पेट्रिलो हा त्यांचा अध्यक्ष. लोकांनी, वर्तमानपत्रांनी, सरकारनेही शिव्या घातल्या, ऐन युद्धात हे काय म्हणून. तरी दोन वर्षांहून जास्त रेटून त्यांनी कंपन्यांकडून कबूल करून घेतलं की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डमागे काही पैसे संघटनेच्या निधीत येतील, आणि त्या निधीतून बेकार वादकांना पैसे देऊन लोकांसाठी फुकट कार्यक्रम होतील. यंत्र थांबलं नाही. यंत्राच्या कमाईत वाटा मिळाला. इतकं लांब जायला नको, मुंबईत सिनेमाच्या वादकांची संघटना होती आणि वादकाची श्रेणी, शिफ्टचा दर हे तिच्या रोजच्या कामातले विषय. गोव्याचे कितीतरी वादक त्यावर सन्मानाने जगले. सिंथेसायझरने त्यांचंही काम पुढे खाल्लं, पण तोवर निदान दोन पिढ्यांची चूल पेटली.

आमच्याकडे काय झालं? पहिला मोठा साउंड आणला तो आमच्याच एका पदाधिकाऱ्याने. दुसरा दुसऱ्याने. गणवेशाच्या कपाटाशेजारी स्पीकरचे खोके रचले गेले. मालकाला काय, पितळ वाजलं काय किंवा खोका वाजला काय, सुपारी त्याचीच. डीजेविरुद्ध निवेदन द्यायचा विषय एकदा बैठकीत निघाला तेव्हा समितीतल्या चौघांच्या दारात टेम्पो उभे होते. इतिवृत्तात मी लिहिलं, ‘विषय पुढील सभेपर्यंत तहकूब’. पुढील सभा गणपूर्तीअभावी झाली नाही. त्यानंतर कार्यकारिणी बदलल्याचा चेंज रिपोर्ट नव्वद दिवसांत द्यायचा असतो, तो दिला नाही, हिशेबपत्रकं थांबली, नोटिसा आल्या. संघटना मेली ती अशी, टाचणी पडल्याचाही आवाज न होता. आणि लोक म्हणतात डीजेच्या आवाजाने मेली!

उरलेलं करोनाने केलं. २०२० चे चैत्र-वैशाख टाळेबंदीत गेले, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये लग्नाला पंचवीस माणसं, दोन तासांत आटपा असा आदेश आला. पंचवीसमध्ये बँड कुठे बसणार? त्या वर्षी सरकारने लोककलावंतांना एकरकमी पाच हजारांची मदत जाहीर केली तेव्हा आमचे तिघे-चौघे विचारायला आले, दाखला कोण देईल? शिक्का माझ्या ट्रंकेत होता, पण तो मारायचा अधिकार असलेली समितीच उरली नव्हती. मी त्यांना परत पाठवलं. मालक आणि कामगार यांत, कामगार आणि कलावंत यांत हा माणूस कुठेच सापडत नाही. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत होडी बांधणारा आहे, जाळं विणणारा आहे, न्हावी, शिंपी, हार करणारासुद्धा आहे. वाजवणारा नाही. ज्येष्ठ कलावंतांचं मानधन २०२४ पासून सरसकट महिना पाच हजार झालं, पण तिथे कला दाखवणारे कागद लागतात. तीस वर्षं दुसऱ्याच्या कोटात वाजवलेल्या माणसाकडे कात्रण कसलं असणार? फोटोत तो असतो, नवरदेवाच्या मागे, अर्धा कापलेला.

म्हणून त्या दोन तरुणांच्या मागण्यांकडे मी साशंकपणे पाहतो. डीजेबंदीचा कायदा नवा करायची गरज नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत, रहिवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल आणि रात्री दहानंतर बंद. २०१० च्या दुरुस्तीने त्यात वाद्यंही आली, तेव्हा रात्री दहानंतर बँडही तितकाच बेकायदा. आणि पंचावन्नची मर्यादा तर एकवीसचा बँड पहिल्याच फुंकरीत मोडतो, खोटं कशाला बोला. समजा डीजे उद्या बंद झाला. लोक बेंजो लावतील, किंवा ढोल-ताशाचं पथक बोलावतील, ज्यातली बरीच मुलं हौसेने वाजवतात, पोटासाठी नाही. युफोनियमवाला मिनीडोअरवरून उतरून परत येईल हे कशावरून? त्याला कुणी विचारलंय? आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईचं साउंडचं सामान गाडीसकट तासाभरात आमच्या किनाऱ्यावर उतरतं. तालुक्याची बंदी त्याला कुठे अडवणार?

अनुदानाचं तर सांगायलाच नको. ते फलकाच्या नावावर येईल आणि गाळ्यात जाईल.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात लग्नाच्या वरातीला आणि लग्नाच्या इतर समारंभांना सूट आहे, तिथे गाणं वाजवलं तर परवाना किंवा रॉयल्टी लागत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये तेच पुन्हा स्पष्ट केलं. ही सूट आहे म्हणून बँड इतकी वर्षं सिनेमाची गाणी वाजवू शकला, ती राहायलाच हवी. पण तिचा दुसरा अर्थ असा की वरातीत ध्वनिमुद्रित गाण्याची किंमत शून्य आणि जिवंत माणसाची किंमत त्याचा रोज. पेट्रिलोसारखा वाटा मागायला आपल्याकडे दारच नाही. मग वाटा दुसऱ्या दारातून मागावा लागेल.

ते दार आपल्याच राज्यात आहे. १९६९ चा माथाडी कायदा. हमालाला एक मालक नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून मंडळं उभी राहिली, काम देणारा मजुरीबरोबर लेव्ही, म्हणजे ठरावीक आकार, मंडळात भरतो आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार मिळतो. बँडवाल्याचा धंदा अगदी याच घाटाचा नाही का? आज या मालकाच्या कोटात, उद्या त्या. बेंजोवाला, ढोलवाला, डीजेच्या खोक्यांची चढ-उतार करणारी पोरं, बत्तीवाली बाई, सगळे याच घाटाचे. लग्नाच्या सुपारीवर, मग ती बँडची असो की साउंडची, ठरावीक लेव्ही आणि ती थेट काम करणाऱ्याच्या खात्यात. माथाडी मंडळांतही बोगस टोळ्या शिरल्या, खंडणीचे प्रकार झाले हे मला माहीत आहे. तरी तिथल्या म्हाताऱ्या हमालाच्या हातात काहीतरी पडतं. आमच्या म्हाताऱ्या मास्तरांच्या हातात रुमाल होता.

यात डीजेवाल्याला शत्रू धरायचं कारणच उरत नाही. ज्याला डीजेबंदी हवी त्याने ती झोप आणि कानांसाठी मागावी, मी सही करीन. बँडच्या नावावर मागू नये. ‘परंपरा टिकवा’ म्हणणाऱ्यांना तर माझी विनंती आहे, वैशाखात दुपारी दोन वाजता टेरिलीनचा कोट घालून, गळ्यात युफोनियम अडकवून, आक्षी ते नागाव एकदा चालून या. मास्तरांचा नातू पुण्यात नोकरीला लागला, त्याला क्लॅरिनेट धरताही येत नाही. मला त्यात काही वाईट वाटत नाही. ज्याला वाजवायचंय त्याला वाजवून पोट भरता यावं, एवढीच तक्रार आहे.

त्या दोघा तरुणांना मी हे सगळं सांगितलं, इतक्या शिस्तीत नाही. त्यांतला धाकटा गप्प होता. जाताना चपला घालत म्हणाला, "सभासद वाजवणारे केले तर आम्ही कोण, भाऊ?" मी म्हटलं, तुला ट्रंपेट येतं ना? म्हणाला, थोडं थोडं. मग झालं की.

दप्तर अजून माळ्यावरच आहे. माउथपीस मात्र खाली काढलं आणि स्टँडवर चौकशी करून त्या मिनीडोअरवाल्याला फोन लावला. माझं नाव सांगितल्यावर तिकडून बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज. सांगितलं की तुझी वस्तू माझ्याकडे आहे, उचलीबिचलीचं आता काही नाही, शनिवारी फेरी मारशील तेव्हा घेऊन जा. हिरवी पडली आहे, घासून ठेवतो.

"ठेव घासून," तो म्हणाला. आगरी बोलीत अहो-जाहो नाही, माउथपीस परत देणाऱ्यालाही नाही. "पन आमसुलाशी घास. ब्रासोनी नको हां, तोंडान वास येतं."